दोघींचे डोंगरशर्यतीचे सामान: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या सप्टेंबरपासून या जुलैपर्यंतच्या दहा महिन्यांत मी आणि माझी नणंद अशा दोघींनी मिळून दोन दिवसांच्या दोन डोंगर-मॅरेथॉन आणि एका दिवसाच्या तीन साहसी शर्यती पूर्ण केल्या. चौथी साहसी शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली, त्याचे कारण पुढे सायकलीच्या संदर्भात येईल. आम्ही दोघी मूळच्या साताऱ्याच्या असून सध्या इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे आणि चढावर माझ्यापेक्षा बरीच वेगवान आहे. हा फरक सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, या काळात घेतलेल्या प्रत्येक वस्तूविषयी माझे जे मत झाले ते याच फरकातून झाले आहे. एकट्याने धावताना वस्तू हलकी आहे का आणि टिकते का, एवढे पाहिले तरी भागते. जोडीच्या शर्यतीत मात्र त्या वस्तूमुळे दोघींमधले अंतर कमी होते का, हे पाहावे लागते, कारण प्रत्येक चेकपॉइंटवर दोघींनी एकत्रच पोहोचायचे असते आणि एकीने माघार घेतली की दोघींची शर्यत संपते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ब्रिटनमधली या प्रकारची जुनी स्पर्धा 1968 साली गेरी चार्नली यांनी सुरू केली. ती पुष्कळ वर्षे कॅरिमॉर या सॅक बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने होत असे आणि आता ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस भरते. जोडीने दोन दिवस नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे डोंगरातले चेकपॉइंट शोधायचे, मधली रात्र ठरवून दिलेल्या तळावर काढायची, आणि तंबू, स्लीपिंग बॅग, चूल, अन्न असे सगळे पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत स्वतःच्या पाठीवर वाहायचे, असे तिचे स्वरूप आहे. 2008 साली लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉरोडेल खोऱ्यात ही स्पर्धा अतिवृष्टीमुळे पहिल्याच दिवशी थांबवावी लागली होती आणि शेकडो स्पर्धक हरवल्याच्या बातम्या पसरल्या होत्या. वास्तविक बहुतेकांनी पाठीवरच्या सामानाच्या जोरावर रात्र निभावली होती. सक्तीच्या सामानाच्या यादीकडे मी सुरुवातीला आयोजकांचा छळवाद म्हणून पाहत असे, पण ही हकिगत समजल्यावर माझी ती तक्रार संपली.

आमची पहिली चूक वजनाच्या वाटणीत झाली. नात्यातली माणसे हिशेबाला चोख असावीत या समजुतीने आम्ही अकरा किलोंचे सामान बरोबर अर्धे-अर्धे केले आणि पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ती प्रत्येक खिंडीत पाच-पाच मिनिटे थांबून गारठत होती, तर मी मागून घामाघूम होऊन येत होते. थांबलेल्या माणसाचे अंग वाऱ्यात किती लवकर थंड पडते हे तेव्हा कळले. आता तिच्या पाठीवर साधारण पावणेसात किलो आणि माझ्या पाठीवर सव्वाचार किलो असते. तंबू, गॅस आणि भांडे तिच्याकडे, अन्न आणि औषधे माझ्याकडे. अन्न माझ्याकडे ठेवण्यात एक स्वार्थ आहे, कारण ते खाऊन संपत जाते आणि दुसऱ्या दिवशी माझी सॅक आणखी हलकी होते. पैसे खर्चून माझ्या सॅकचे वजन तीनशे ग्रॅमने घटवण्यापेक्षा तेच तीनशे ग्रॅम माझ्याकडून तिच्याकडे सरकवणे आम्हाला जास्त लाभले आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

वजनाची वाटणी करूनही जो फरक उरतो त्यासाठी दोर आहे, आणि या संपूर्ण लेखात मी ज्या वस्तूला मनापासून पूर्ण गुण देते ती हीच आहे. पाच मिलिमीटर जाडीचा, आतून रबरी धाग्यांचा लवचिक दोर, न ताणता सुमारे दोन मीटर लांब, दोन्ही टोकांना आठाच्या गाठी आणि एका टोकाला छोटा कॅराबिनर (झटकन उघडणारी धातूची कडी), एवढीच ही वस्तू आहे. सगळा खर्च एका जेवणाच्या बिलापेक्षा कमी आला. पुढची व्यक्ती तो कमरेच्या पट्ट्याला मागून अडकवते आणि मागची व्यक्ती आपल्या कमरेच्या पट्ट्याला पुढून. साधा न ताणणारा दोर वापरला तर पुढच्या प्रत्येक पावलाला मागचीला हिसका बसतो; लवचिक दोरात तो हिसका मुरतो आणि एकसारखी हलकी ओढ जाणवते. यॉर्कशरमधल्या 694 मीटर उंचीच्या पेन-य-गेंट डोंगरावर सुमारे तीनशे मीटर चढाचा एक टप्पा ठरवून आम्ही चार वेगवेगळ्या दिवशी वेळ मोजली, तेव्हा दोराशिवाय मला चोवीस ते पंचवीस मिनिटे लागली आणि दोर लावून एकवीस ते बावीस. वारा, झोप, आदल्या दिवसाचे जेवण अशा कितीतरी गोष्टींचा त्यात वाटा असणार, त्यामुळे या आकड्यांना मी फार मोठे शास्त्र मानत नाही. परंतु चढ संपल्यावर मी बोलण्याच्या स्थितीत असते आणि नकाशा वाचू शकते, हा फायदा घड्याळात न दिसणारा असला तरी खरा आहे.

दोर स्वीकारायला मला दोन महिने लागले. धाकट्या नणंदेने आपल्याला गुराप्रमाणे ओढत न्यावे ही कल्पना मनाला पटत नव्हती, आणि एका वृद्ध ब्रिटिश पदयात्रीने हसून आमच्याकडे पाहिल्यावर तर मी दोर सोडूनच टाकला होता. त्यानंतरच्या चढावर तिने मागे वळून जे सुनावले ते इथे लिहिण्यासारखे नाही. एरवी मला ‘वहिनी, तुम्ही’ म्हणणारी ही मुलगी दोर लावला की सरळ ‘तू’वर येते, आणि मीही तिला ‘वन्सं, जरा दमाने’ असे जुन्या थाटात म्हणून उट्टे काढते. वापराचे आमचे नियम आता पक्के झाले आहेत. उतारावर, सुट्या दगडांच्या घळीत, हाताचा आधार घ्यावा लागेल अशा कातळावर आणि ओहोळ ओलांडताना दोर काढायचाच, कारण एकीचा पाय घसरला तर दुसरीही जाते. कमरेएवढ्या नेच्यांच्या झुडपात तो अडकत राहतो, तिथेही उपयोग नाही. दोर सुटा करण्याचा अधिकार मागच्या व्यक्तीकडे असावा, म्हणून कॅराबिनर नेहमी माझ्या बाजूला असतो. सातव्या महिन्यात गाठीजवळचे आवरण विरले आणि आतले रबरी धागे तुटू लागले, तेव्हा दोर बदलला. वर्षातून किमान एकदा तो बदलावा लागेल असे धरून चालावे. आम्ही गेलो त्या स्पर्धांच्या नियमांत दोराला मनाई नव्हती, तरी प्रत्येक आयोजकाचे नियमपत्रक आधी वाचावे.

साहसी शर्यतींत पायी टप्प्याबरोबर माउंटन बाइकचा टप्पा असतो, आणि तिथे ओढण्यासाठी अनेक स्पर्धक कुत्र्याला फिरवायचा, आपोआप गुंडाळला जाणारा पट्टा पुढच्या सायकलीच्या सीटखालच्या दांड्याला बांधतात. युक्ती खरोखर चांगली आहे, कारण पट्टा वापरात नसताना स्वतःच आत जातो. आमचा पट्टा मात्र चौथ्या शर्यतीत चिखलाने भरून आत जाईनासा झाला, सैल पडलेली दोरी नणंदेच्या सायकलीच्या मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांत गुंतली, आणि गिअर ज्या भागाला जोडलेले असते तो भाग वाकला. शर्यत तिथेच संपली. दोष मी बनवणाऱ्याला देत नाही. त्याने तो कुत्र्यासाठी बनवला होता. आता आम्ही बारीक दोरीऐवजी रुंद फितीचा पट्टा घेतला आहे आणि प्रत्येक चिखलाच्या टप्प्यानंतर तो हाताने ओढून तपासतो.

तंबूविषयी माझे मत मिश्र आहे. तो दोघींसाठी, सव्वा किलो वजनाचा, दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा आहे आणि आमच्या खरेदीतली सर्वांत महाग वस्तू आहे. अशा कापडाच्या शिवणींवर कारखान्यात नेहमीची जलरोधक पट्टी चिकटत नाही, त्यामुळे घरी आणल्यावर शिवणींना सिलिकॉन सीलंटचा हात आपणच द्यावा लागतो; विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हे इतक्या बारीक अक्षरांत होते की आम्हाला ते पहिल्या पावसात, रात्री एक वाजता, कपाळावर थेंब पडल्यावर समजले. भिजल्यावर नायलॉन सैल पडते, म्हणून झोपण्यापूर्वी एकदा बाहेर येऊन सगळे ताण (तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या) पुन्हा आवळावे लागतात. हे काम आळीपाळीने करायचे ठरले आहे, तरी प्रत्यक्षात ते बहुतेकदा तिच्याच वाट्याला येते.

आतली जागा डोक्याकडे सुमारे एकशेवीस आणि पायाकडे नव्वद सेंटिमीटर आहे. ‘दोन माणसांचा’ या शब्दाचा अर्थ तंबू बनवणारे लोक काय लावतात कोण जाणे, पण दोघींनी एकाच कुशीवर झोपावे लागते आणि एक वळली की दुसरीने वळावेच लागते. थंडीत ही दाटी उपकारक ठरते, हे मान्य करते. दोघींच्या श्वासाची वाफ तंबूच्या आतल्या बाजूला थंड होऊन तिचे पाणी होते, ते स्लीपिंग बॅगेच्या पायाकडच्या भागावर ठिबकते आणि पिसांच्या बॅगेला ओल लागली की तिची ऊब जाते. म्हणून पावसाचे जाकीट पायाकडच्या भागावर पांघरतो. मॅटऐवजी काही स्पर्धक पॅकिंगचा बुडबुड्यांचा प्लॅस्टिक कागद वापरतात. आम्ही तो एकदाच वापरला, आणि रात्रभर शेजारी पापड भाजत असल्याचा आवाज ऐकल्यानंतर पाठीपुरती फोमची मॅट घेतली. पायाखाली रिकामी सॅक पुरते. मुक्कामी कोरडे मोजे घालून त्यांवर पावाच्या रिकाम्या पिशव्या चढवायच्या आणि मग ओल्या बुटांत पाय घालून वावरायचे, ही तळावर दुसऱ्या जोडीकडून शिकलेली युक्ती मात्र दहापैकी दहा गुणांची आहे.

चुलीसाठी शंभर ग्रॅम गॅसचा सर्वांत छोटा डबा घेतो. अर्धा लिटर पाणी उकळायला आमच्या बर्नरला सात-आठ ग्रॅम गॅस लागतो, त्यामुळे दोघींचे दोन वेळचे खाणे-पिणे भागून शर्यतीच्या शेवटी तपासणीत दाखवण्याइतका गॅस शिल्लक राहतो. साधा ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायुरूप होईनासा होतो, तेव्हा ऑक्टोबरसाठी आयसोब्यूटेन आणि प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा आणि रात्री तो अंथरुणात ठेवावा. जेवणासाठी बाजारातली महाग सुकी पाकिटे आम्ही दोनदा आणली आणि दोन्ही वेळा अर्धी टाकली. आता घरीच तुपावर रवा खरपूस भाजून, त्यात मोहरी, कढीपत्ता, सुके आले आणि मीठ-साखर घालून, माणशी एकशेवीस ग्रॅमची पुडी बांधते. उकळते पाणी ओतून सात मिनिटे झाकून ठेवले की उपमा तयार होतो. पळताना शेंगदाण्याची चिक्की उत्तम, मात्र थंडीत ती दगडासारखी होते, म्हणून घरूनच बोटाच्या पेराएवढे तुकडे करून न्यावेत. राजगिऱ्याच्या लाडवाचा खिशात भुगा होतो. तो प्रयोग करू नये.

नकाशा या स्पर्धांत बहुधा हार्वी या नकाशे बनवणाऱ्या कंपनीचा, 1:40,000 प्रमाणाचा आणि पंधरा मीटर अंतराच्या समोच्च रेषांचा मिळतो. नेहमीच्या 1:25,000 नकाशांची सवय असलेल्या डोळ्यांना तो फसवतो, कारण एक सेंटिमीटर म्हणजे चारशे मीटर हे धावताना विसरायला होते आणि चेकपॉइंटच्या अलीकडच्याच ओढ्यात शोधाशोध सुरू होते. आमच्यात नकाशा माझ्याकडे आणि होकायंत्रावरची दिशा तिच्याकडे असते; दोघींचे जुळले नाही तर थांबायचे, असा नियम आहे. ताशी पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा, हा स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांचा 1892 सालचा ठोकताळा आम्ही वेळेच्या अंदाजासाठी वापरतो. गवताच्या गड्ड्यांनी भरलेल्या दलदलीत मात्र तो आम्हाला कधीच पुरा पडलेला नाही. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वराचा घाट धावून चढल्याचा मला जो अभिमान होता तो या दलदलीने पहिल्याच तासात उतरवला, कारण डांबरावर पाय कुठे पडेल याचा विचारच करावा लागत नाही.

बुटांविषयी फार लिहीत नाही. खोल रबरी खुंट्यांचे, पाणी आत येऊ देणारे आणि तितक्याच लवकर बाहेर सोडणारे बूट घ्यावेत. जलरोधक बुटात एकदा वरून पाणी शिरले की ते दिवसभर तिथेच राहते.

जानेवारीत आम्ही तंबू साताऱ्यालाही नेला होता. विमानात गॅसचा डबा नेता येत नाही, तो सोडून बाकी सगळे सामान आले. तिथल्या मुरमाड जमिनीत बारीक मेखा वाकल्या आणि शेवटी ताण दगडांना बांधावे लागले, पण कोरड्या हवेत आतून एक थेंबही वाफ साचली नाही, तेव्हा दोष तंबूइतकाच इथल्या दमट हवेचा होता असे म्हणावे लागते. सध्या तो आमच्या बैठकीत दोन खुर्च्यांवर वाळत पडला आहे. आतल्या दाराच्या चेनचा सरकता भाग मार्चमध्ये निसटला होता, तो बदलून मिळण्यासाठी पाच आठवडे आणि सहा पत्रे लागली, आणि शिवणींना सिलिकॉनचा दुसरा हात नणंदेने कालच दिला आहे. ऑक्टोबरसाठी आमची नावनोंदणी झाली असून नव्या खरेदीत फक्त दोन मीटर लवचिक दोर आणि सहा जाड मेखा आहेत.