दंडात घालायचे हवेचे फुगे की लाईफ जॅकेट? दोन्ही वापरून बघितले (वडोदरा)

मुलगी चार वर्षांची, वजन १५ किलो. मे महिन्यात सगळं कुटुंब पादरा गावाकडच्या एका स्विमिंग पूलवाल्या फार्महाऊसवर जाणार होतं म्हणून दोन्ही घेऊन ठेवले, फुगे मंगळबाजारातून दीडशे रुपयांना आणि फोमचं जॅकेट ऑनलाइन, जवळजवळ दहापट महाग.

फुगे: १ स्टार. दुकानदार म्हणाला "बेन, आ पहेरावी दो एटले चिंता नहीं" (ताई, हे घातलं की चिंता नाही), आणि पाकिटावर बारीक अक्षरात छापलंय की हे जीव वाचवायचं साधन नाही. पाकीट खरं बोलतंय. ओल्या दंडावरून सटकतात, सनस्क्रीन लावलं असेल तर विचारूच नका, तिने दोन्ही हात वर केले आणि एक फुगा सरळ निघून आला, मी पाण्यात तिच्या शेजारीच होते म्हणून लगेच धरली. शिवाय फुग्यांनी मूल पाण्यात उभं तरंगतं, पोहायला तर आडवं व्हावं लागतं, म्हणजे अंगाला सवयच चुकीची लागते. आणि मुलाला वाटतं आपल्याला पोहता येतं, मग फुगे काढलेले असले तरी ते तसंच पाण्याकडे पळतं. मला सगळ्यात भीती याचीच वाटते.

जॅकेट: ४ स्टार. डोक्यामागे कॉलर, मांड्यांमधून पट्टा, वर ओढायला हँडल. लेबलवर ५० न्यूटन की १०० (म्हणजे तरंगत ठेवायची ताकद) ते बघाच, ५० वालं पोहता येणाऱ्यांसाठी असतं, तोंड पाण्याबाहेर राहील याची त्यात खात्री नाही, लहान मुलांना १०० वालं हवं. घातल्यावर खांद्याशी धरून वर ओढा, हनुवटीच्या वर सरकलं तर साईझ मोठी आहे. रंग केशरी घेतला, निळं काही घेऊ नका, पूलमध्ये दिसतच नाही. एक स्टार कापला कारण उन्हात गरम होतं, ती सारखी काढ काढ करत होती.

बडोद्यात राहून हे सांगावं लागू नये खरं तर. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, बऱ्याच मुलांच्या अंगावर जॅकेटच नव्हतं.

पण जॅकेट घातलं म्हणून आपण खुर्चीत बसून वेफर्स खायचे असं नाही हं. फार्महाऊसच्या पूलला कुंपण नव्हतं, खरं तर चारही बाजूंनी चार फुटी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक पाहिजे. काका, आत्या, मामी सगळे आजूबाजूला, आणि प्रत्येकाला वाटतं दुसरं कोणीतरी बघतंय. आम्ही पाळ्या लावल्या, एका वेळी एकच मोठं माणूस, फोन आत ठेवून, लहान मुलांपासून हाताच्या अंतरावर. बुडणारं मूल ओरडत नाही की हात हलवत नाही, त्याला श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, पाठ वळवून आपण गप्पा मारत असलो तर काही ऐकूसुद्धा येत नाही. घरातल्या एकाला तरी तोंडाने श्वास देऊन, छाती दाबून सीपीआर करता यायला हवा, १०८ येईपर्यंत तेच करायचं असतं.

ऑनलाइन घेणार असाल तर रिटर्न असलेलंच घ्या आणि मुलाचं वजन आधी करून घ्या, साईझ वयावर नाही वजनावर असते.