केईएफ क्यू१५०, सर्व्हो स्टॅबिलायझर आणि १०० हर्ट्‌झचा हम: वापरानंतरचा अनुभव

सर्व्हो स्टॅबिलायझरचा, म्हणजे मोटरने ब्रश सरकवून व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या यंत्राचा, कार्बन ब्रश वॉरंटीतच झिजला. सर्व्हिसवाल्यांचं उत्तर आलं की ब्रश ‘कन्झ्युमेबल’ आहे, वॉरंटीत बसत नाही. ही अट बिलावर कुठेही छापलेली नाही. कंपनीचं नाव इथे देत नाही, पण त्या निमित्ताने स्पीकरवर आणि विजेच्या उपकरणांवर केलेल्या सगळ्या खर्चातलं नेमकं काय वसूल झालं ते लिहायलाच हवं.

आधी स्पीकर. क्यू१५० बद्दल तक्रार नाही. ८६ डीबी सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेत किती मोठा आवाज निघतो ते माप) आहे आणि इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) ८ ओहम लिहिलेला असला तरी खाली ३.७ पर्यंत उतरतो. त्यामुळे अगदी किरकोळ अॅम्प लावू नये, ६० वॉटचा चांगला क्लास एबी पुरतो. पोर्ट, म्हणजे हवा सोडणारं भोक, मागे आहे, भिंतीपासून दीड-दोन फूट तरी सोडाच. १२ बाय १० च्या स्लॅबच्या खोलीत लांबीचा रेझोनन्स (ज्या सुराला खोली स्वतःच घुमते तो) ४७ हर्ट्‌झच्या आसपास येतो आणि रुंदीचा ५६ च्या. छत साडेनऊ फुटांवर असेल तर त्याचा ५९. शेवटचे दोन एकमेकांना चिकटून असल्यामुळे स्पीकर कोपऱ्यात सरकवला की डग्ग्याची घूम मनगटाच्या घिश्श्यापेक्षा मोठी होते आणि ठेका गढूळ ऐकू येतो. फरशीवर सतरंजी आणि मागच्या भिंतीला भरलेलं पुस्तकांचं कपाट, एवढ्याने वरचा कर्कशपणा जातो. खालची घूम मात्र स्पीकर हलवूनच कमी होते. केबलवर पैसे घालू नका. घराच्या वायरिंगची २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचिक वायर चार मीटर नेली तर जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.०६ ओहमच भरतो. ३.७ ओहमपुढे तो काहीच नाही.

स्पीकर चांगले आले की मागचं सगळं ऐकू यायला लागतं, आणि खरा विषय तिथे सुरू होतो: हम, म्हणजे विजेमुळे उपकरणांतून येणारी सततची घूं.

अॅम्पमधल्या टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराच्या, ट्रान्सफॉर्मरचा गाभा ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा आकुंचन-प्रसरण पावतो, म्हणून त्याचा आवाज १०० हर्ट्‌झचा. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा तानपुरा घ्या. षड्ज साधारण १३८.६ हर्ट्‌झ, त्याखालचा पंचम १०३.९. म्हणजे पंचमाच्या तारेशेजारी, पाव सुराहूनही थोडं खाली, एक परका सूर सतत वाजत राहतो आणि सेकंदाला चार या गतीने तिच्याशी डोलतो. आलाप सुरू होण्याआधी नुसता तानपुरा चालू असतो, ती दोन मिनिटं ऐका. जव्हारी उत्तम लावलेला तानपुरासुद्धा उतरल्यासारखा वाटतो. पाश्चात्त्य संगीतात किंवा सिनेमाच्या गाण्यात हे लक्षातही येत नाही, म्हणून बहुतेक परीक्षणांत याचा उल्लेखच नसतो. आपल्या संगीतासाठी मात्र हा दोष मी सगळ्यांत वर ठेवतो.

हम कुठून येतो ते आधी ठरवा. सगळ्या इनपुट केबल काढून अॅम्पच्या झाकणाला कान लावा. आवाज झाकणातून येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा. केबल परत लावल्यावर स्पीकरमधून येत असेल आणि सेट-टॉप बॉक्सची केबल काढल्यावर थांबत असेल, तर तो ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थमधून केबलवाटे फिरणारा करंट. त्यावर उपाय म्हणजे ऑप्टिकल केबल किंवा कोअॅक्सवर आयसोलेटर. प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. अॅम्पची बॉडी धातूची असते, आत फेज सुटून तिला लागला तर हात लावणाऱ्याचा जीव जाईल.

माझ्याकडचा हम झाकणातला. तो संध्याकाळी वाढतो आणि रात्री उशिरा जातो. कारण मेन्समधला, म्हणजे घराच्या विजेतला, डीसी (एकाच दिशेचा करंट). हेअर ड्रायर कमी उष्णतेवर चालवला की त्यातला डायोड लाटेचा अर्धाच भाग घेतो आणि तारांच्या रेझिस्टन्समुळे लाईनवर थोडा डीसी बसतो. टोरॉइडच्या गाभ्यात हवेची फट नसते. अर्धा-एक व्होल्ट डीसीसुद्धा त्याला एका बाजूला सॅच्युरेट करतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, आणि हम वाढतो.

सर्व्हो स्टॅबिलायझर यातलं काहीच करत नाही. मोटर ब्रश फिरवते, व्होल्टेज २३० वर आणते, बस. अर्थात तेही काम आहे. लाईन २५० वर गेली की अॅम्पची ३५ व्होल्टची रेल (आतला डीसी पुरवठा) ३८ होते आणि हीटसिंक तापतो. पण संध्याकाळी व्होल्टेज सतत हलतं, ब्रशही सतत सरकतो, त्यात धूळ, आणि मोटरची घुर्र वेगळीच. शोरूममध्ये ‘ऑडिओसाठी क्लीन पॉवर’ म्हणून हाच गळ्यात मारला जातो.

काम केलं ते डीसी ब्लॉकरने. १०,००० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाठीला पाठ लावून सिरीजमध्ये, त्यांना समांतर ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर, ज्याचे प्लस-मायनस एकत्र जोडलेले. हे सगळं फेजच्या वायरवर, पुढे फ्यूज, आणि बाहेरून अर्थ केलेला धातूचा डबा. अर्थची वायर मात्र अखंड. सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात आणि स्टॅबिलायझरच्या तुलनेत किंमत नगण्य. हे काम मेन्सवरचं आहे, जाणत्याकडूनच करून घ्या. पहिल्याच संध्याकाळी पंचम सरळ उभा राहिला.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरबद्दल, म्हणजे घरची लाईन आणि उपकरण यांत थेट तारजोड न ठेवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरबद्दल, माझं मत मधल्या काळात बदललं. ब्लॉकर बसल्यावर तो निव्वळ जादा खर्च वाटत होता. एप्रिल-मे मध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आणि न्यूट्रल-अर्थमधलं व्होल्टेज, जे दोन-तीनच्या आत असावं, ते दहाच्या वर गेलं. फोनोवर (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर) बारीक चरचर सुरू झाली. खड्ड्यात पाणी घातल्यावर ती कमी झाली, आणि उरलेली या ट्रान्सफॉर्मरने घालवली. घ्यायचाच तर १ केव्हीए, ईआय कोअर (ई आणि आय आकाराच्या पत्र्यांचा गाभा), मध्ये शील्ड असलेला आणि तांब्याचाच बांधून घ्या. अॅल्युमिनियमचा हाताला हलका लागतो. अॅम्प २०० वॉटच घेतो मग एवढा मोठा का, कारण तो करंट लाटेच्या शिखरावर झटक्याने ओढतो. लहान ट्रान्सफॉर्मर तिथेच बसतो आणि तबल्याची थाप मऊ होते. सेकंडरीचं (बाहेर वीज देणाऱ्या गुंडाळीचं) एक टोक इलेक्ट्रिशियनकडून अर्थला बांधून घ्या आणि त्यापुढे ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (लीकेज ओळखून वीज तोडणारा स्विच) लावा, नाहीतर मूळ आरसीसीबी पलीकडचा लीकेज ओळखणार नाही. चालू करताना एमसीबी पडत असेल तर बी ऐवजी सी कर्व्हची, सुरुवातीचा झटका सोसणारी, बसवा. ट्रान्सफॉर्मर स्वतःही थोडा घुमतो, म्हणून तो खोलीबाहेर, पॅसेजमध्ये ठेवावा लागतो.

पंख्याचा रेग्युलेटरही बघा. गोल फिरणारा, वेग सलग बदलणारा ट्रायॅकचा असेल तर कपॅसिटरवाला स्टेपचा बसवा, स्पीकरमधली झिर्र बरीचशी तिथेच जाते. आणि लोडशेडिंगमध्ये स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अॅम्प चालवू नका. ट्रान्सफॉर्मर तापतो, आणि ती घरघर कुठल्याही ब्लॉकरने थांबत नाही. प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर नसेल तर वीज येईपर्यंत अॅम्प बंदच ठेवा.