भोर घाटाचा लेआउट, ३,७०,२०० रुपये आणि उजवीकडून धावणारी मालगाडी

रक्कम आधीच सांगून टाकतो. ३,७०,२०० रुपये. घरी चालता मॉडेल रेल्वे लेआउट, म्हणजे छोट्या प्रमाणातला रेल्वेमार्ग, बनवून देतो म्हणणाऱ्या एका माणसाने माझे एवढे बुडवले. आगाऊ ६०,०००, बेसबोर्डचे (खालच्या फळ्यांचे) ८५,०००, रूळ आणि पॉइंटचे (गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्यांचे) १,१२,०००, इलेक्ट्रॉनिक्सचे ९४,५०० आणि शेवटी 'पॅकिंग व वाहतूक' म्हणून १८,७००. यातला शेवटचा आकडा मला सगळ्यात जास्त झोंबतो. स्वतःच्या घरी कचरा पोचवायचं भाडं मी स्वतःच भरलं.

हप्त्याहप्त्याने पैसे उकळायची पद्धत तुम्हाला नव्याने सांगायला नको. आमच्या छंदात ती जास्त बिनबोभाट चालते एवढंच, कारण मोठा मॉडेल रेल्वे लेआउट बनायला खरोखरच वर्ष-दीड वर्ष लागतं. उशीर झाला तर संशय येत नाही, उलट 'काम बारकाईने चाललंय' असं समाधान वाटतं.

मला भोर घाट हवा होता, आणि तोही १९३० च्या पुढचा. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हापासूनचं रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडीची दिशा उलटवावी लागे) १९२९ मध्ये बंद झालं, नवा मार्ग आला, १५०० व्होल्ट डीसीची तार आली, मालगाडीला 'खेकडा' म्हणजे डब्ल्यूसीजी-१ हे विजेचं इंजिन लागू लागलं. तो काळ. कर्जत ते लोणावळा २८ किलोमीटर, एचओ या मॉडेलच्या मापाच्या १:८७ प्रमाणात धरलं तर ३२२ मीटर होतात. खोली चौदा बाय नऊ फुटांची. तेव्हा पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल आणि खंडाळा एवढंच घ्यायचं आणि मधलं अंतर हेलिक्समध्ये (गोल गोल चढणाऱ्या रुळांच्या वेढ्यांत) लपवायचं, असं ठरलं. नुसतं बघायला नको होतं, चालवायला हवं होतं. उतरणारी प्रत्येक गाडी मंकी हिलला थांबणार, कॅच सायडिंगचा (ताबा सुटलेली गाडी अडवणाऱ्या बाजूच्या रुळाचा) पॉइंट मिळाल्यावरच पुढे सरकणार, चढणाऱ्या मालगाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं इंजिन, लागणार.

'तुम्ही एवढे जाणकार, मग फसलात कसे?' हे मला नातेवाईकांपासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. त्याचं उत्तर असं, की लेआउट बनवून देणारा तो माणूस अडाणी नव्हता. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे १९.२६, आणि बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ चा, म्हणजे आपली गाडी त्यावर थोडी अरुंद उभी राहणार, हे त्याने मी न विचारता सांगितलं. घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे मीटरमागे २.७ सेंटिमीटर. ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या हेलिक्सचा एक वेढा पावणेचार मीटरचा, तेवढ्यात चढ मिळतो जेमतेम दहा सेंटिमीटर, आणि पँटोग्राफ (इंजिनावरची तारेला टेकणारी चौकट) उभा असेल तर फळीची जाडी वजा जाता जागा किती उरते, हे त्याने कागदावर काढून पाठवलं. वळणाचं घर्षण धरलं की इंजिनाला तोच चढ आणखी जड जातो, म्हणून 'काका, तुमचा बँकर शोभेचा राहणार नाही, खरंच ढकलेल' असंही म्हणाला. मागच्या इंजिनाचा वेग पुढच्याशी जुळवला नाही तर मधले हलके डबे वळणावर उचलून बाहेर पडतात, त्यासाठी दोन्ही डीकोडरचे (इंजिनातल्या नियंत्रक चिपचे) सीव्ही, म्हणजे सेटिंगचे क्रमांक, २, ५ आणि ६ कसे बसवायचे, हेसुद्धा. असं बोलणारा माणूस चोर असेल असं तुम्हाला वाटलं असतं का? खरं सांगा.

शिवाय नमुना मिळाला होता. १८,५०० रुपयांचा चार फुटी डायोरामा (छोटा देखावा), मंकी हिलचं सायडिंग. (हे पैसे वरच्या हिशेबात नाहीत, कारण ती वस्तू चोख आली.) करवंदीच्या जाळ्या, दगडी भिंतीवरचं शेवाळ, सगळं होतं. आता माझी खात्री आहे की ते काम त्याचं नव्हतंच, दुसऱ्या कुणाकडून विकत घेऊन मला पाठवलं होतं. म्हणून पहिला सल्ला इथेच देऊन टाकतो: नमुना चांगला निघाला म्हणजे बनवणारा तोच आहे असं होत नाही. त्याच्या वर्कशॉपमध्ये जाऊन, त्याच्या हातात सोल्डरिंगची कांडी असताना त्याला बघा.

आता तो व्हिडिओ.

रुळांचे १,१२,००० भरल्यानंतर आणि इलेक्ट्रॉनिक्सचे मागण्याआधी त्याने चाळीसेक सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. घाट, बोगदा, दुहेरी मार्ग, तार, आणि त्यावर खेकड्यासारखं लांब नाकाचं इंजिन मालगाडी ओढत येतंय. 'आपल्या खेकड्याची बॉडी रंगाला दिलीये, तोवर स्विस क्रोकोडाइलवर ट्रायल घेतोय.' पटण्यासारखंच होतं, दोन्ही इंजिनं दिसायला भावंडं आहेत. पण गाडी उजव्या रुळावरून येत होती. आपल्याकडे दुहेरी मार्गावर गाडी डावीकडून धावते, हे घाटातल्या गुराख्यालाही माहीत असतं. मी लगेच विचारलं. हो, विचारलं! मेसेज अजून फोनमध्ये आहे. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं: 'काका, पुढच्या कॅमेऱ्याने काढलाय, आरशासारखा उलटा झालाय.'

आणि मी 'ओके' लिहिलं.

त्या व्हिडिओत तिसऱ्या वाघिणीवर नंबर होता. पांढऱ्या अक्षरांत, ठळक, आणि सुलट. चित्र उलटं झालं असतं तर आकडेही उलटे दिसले असते. हे कळायला डोळे लागतात, अक्कलही लागत नाही. पण मी बघत होतो गाडी, बोगदा, तारेचे खांब. नंबर कोण वाचतं? घरात इंजिन धावताना बघायची चाळीस वर्षांची इच्छा असलेल्या माणसासमोर असा व्हिडिओ ठेवला तर तो वाघिणीचा नंबर वाचत बसत नाही, आणि हे त्या हरामखोराला पक्कं ठाऊक होतं. नंतर थांबवून, मोठा करून पाहिलं तर स्लीपरच्या मधोमध बारीक ठिपक्यांची ओळ होती. म्हणजे मेर्कलिन या जर्मन कंपनीची मधून वीज घेणारी पद्धत. मी मागितला होता दोन रुळांचा डीसीसी, म्हणजे डिजिटल नियंत्रण. तो व्हिडिओ युरोपातल्या कुठल्या तरी लेआउटचा उचललेला होता.

त्याच संध्याकाळी मी ९४,५०० पाठवले. डीसीसीची मुख्य नियंत्रक पेटी म्हणजे कमांड स्टेशन, वीज वाढवणारे दोन बूस्टर आणि आवाज काढणारे साउंड डीकोडर यांचे. या वेळी खातं वेगळ्याच नावाचं होतं, 'भागीदाराचं' म्हणे. खातं बदललं की थांबा. कारण कितीही गोड असलं तरी थांबा. डीकोडरच्या नावाने पैसे मागणाऱ्याला म्हणावं, व्हिडिओ कॉल लाव आणि प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवून सीव्ही ७ आणि सीव्ही ८ वाचून दाखव. आठव्यात कंपनीचा क्रमांक असतो, सातव्यात आवृत्ती. ज्याच्याकडे डीकोडर आहे त्याला हे काही सेकंदांचं काम आहे.

शेवटी खोका आला. चार फळ्या, चारही वाकलेल्या. थर्माकोलचा डोंगर, त्यावर हिरवा भुसा. कबूल केलेल्या निकेल सिल्व्हरऐवजी गंजलेले पोलादी रूळ, त्यातले काही दोन रुळांचे तर काही ठिपकेवाले, म्हणजे एकमेकांना जोडले तरी चालणार नाहीत असे. एक खेळण्यातला डीसी कंट्रोलर. एकही डीकोडर नाही. खेकडा होता, पण नुसतं प्लास्टिकचं टरफल, आत मोटर नाही की चाकाला गिअर नाही.

मला वाटलं, निदान पुरावा तरी हातात आला. उलट झालं. तो खोका पाठवणं हाच खरा डाव होता. पोलीस ठाण्यात पहिलंच वाक्य ऐकलं: 'माल आलाय ना? मग ही फसवणूक नाही, दर्जाचा वाद आहे. दिवाणीत जा.' दुसऱ्याने फोटो पाहून विचारलं, 'आजोबा, खेळण्यातल्या गाडीला साडेतीन लाख?' आणि दोघं हसले. मी हप्ते, मेसेज, व्हिडिओ, वाघिणीचा नंबर असं सगळं क्रमाने लावून नेलं होतं. रुळांचा फरक समजावून सांगायला लागलो तर साहेब उठून चहाला गेले. मग 'खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तिकडे तक्रार करा' असं निघालं. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायचीच, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. मी ते छापून नेलं तर 'आम्हाला कायदा शिकवू नका'. शेवटी हातात पडली ती अदखलपात्र नोंदीची पावती. न्याय संहितेच्या कलम ३१८(४) ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तो गुन्हा अदखलपात्र कधीपासून झाला? बँकेचं वेगळंच. 'व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलात, ओटीपी तुम्हीच टाकलात.' टाकला, बाबांनो! फसलेला माणूस स्वतःच टाकतो, म्हणून तर त्याला फसवणूक म्हणतात. समोरच्या खात्यात किती शिल्लक आहे हे सांगता येत नाही, कारण 'ग्राहकाची गोपनीयता'. माझे पैसे ज्याच्या खात्यात आहेत त्याची गोपनीयता जपायची आणि मी मात्र काउंटर क्रमांक चार ते सात फिरायचं.

ज्यांचे पैसे नुकतेच गेले असतील त्यांनी हे वाचत बसू नये, आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत पळायच्या आत गोठवले गेले तरच काही हाती लागतं. माझा शेवटचा हप्ता जाऊन बराच काळ लोटला होता. पोलीस नोंद घेत नसतील तर १७३(४) खाली अधीक्षकांना लेखी पाठवा, आणि तिथेही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. मी अर्ज केलाय, तारीख पडलीये. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे: पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पण तिथे प्रतिवादीचा पत्ता लागतो, आणि याने दिलेल्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. जीएसटी नंबर मागा आणि सरकारी पोर्टलवर स्वतः तपासा; मी बिलावर छापलेला नंबर बघून गप्प बसलो. खोका उघडताना अखंड व्हिडिओ काढा. फोटोवर हप्ता देऊ नका, घरी आलेल्या आणि गाडी धावलेल्या मॉड्यूलवरच (लेआउटच्या तुकड्यावरच) द्या. कामाचे फोटो मागायचेच असतील तर रुळावर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून मागा. आणि चालता लेआउट बघायची हौस अनावर झाली तर पुण्यात जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिकीट काढा, डोळे भरून बघा, मग घरी येऊन चार फुटांच्या एका फळीपासून स्वतः सुरुवात करा.

आणि हे घाईने लिहायचं कारण असं, की तो परत आलाय. नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, जाहिरात 'भारतीय घाटांचे लेआउट, चालू स्थितीत'. व्हिडिओ तोच आहे, फक्त या वेळी त्याने तो खरोखर उलटा करून टाकलाय. गाडी आता व्यवस्थित डावीकडून धावते. तिसऱ्या वाघिणीवरचा नंबर उलटा दिसतो.