फ्लॅटमधल्या इन्व्हर्टरसाठी ट्यूब्युलर बॅटरी की लिथियम?

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की चार तास तरी धरायचे. दोन पंखे, चार दिवे, वाय-फाय म्हणजे साधारण २०० वॅट. इन्व्हर्टरमधली घट धरून सव्वानऊशे-साडेनऊशे वॅट-तास.

१५० एएचची (अँपिअर-तास) १२ व्होल्ट ट्यूब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी, कागदावर १,८०० वॅट-तासांची, पण आयुष्य हवं तर निम्मीच वापरायची. म्हणजे जेमतेम. वजन पन्नास किलोच्या पुढे, डिस्टिल्ड वॉटरची कटकट, शिवाय चार्ज होताना हायड्रोजन निघतो. बंद कपाटात ती नकोच. स्वस्त मात्र हीच.

१०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट १,२८० वॅट-तासांची. त्यातले हजार-अकराशे बिनधास्त वापरा. वजन बारा-पंधरा किलो. घोळ होतो तो जुन्या इन्व्हर्टरवर: ट्यूब्युलर मोडमध्ये व्होल्टेज १५ च्या वर गेलं की बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) बॅटरी तोडतो आणि दोष बॅटरीला लागतो. चार्जिंग १४.४ ला थांबत असेल तरच जोडा.

केबल दोन्हींना २५ चौरस मिमी तांब्याची, फ्यूज प्लसच्या टोकाशी. लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) ढिला राहिला की तिथंच वितळतं. पश्चिमेची बाल्कनी टाळा. पावसाची झड आणि एप्रिलचं ऊन, दोन्ही तिथंच. जागा अडचणीची असेल तर लिथियमच घ्यावी.