शर्ट उत्तम, लेबल अर्धवट

हा सुती शर्ट मी आठ महिने वापरतेय. शिवण पक्की आहे. काजांना दोरा दाट भरलाय, बगलेत दुहेरी टीप आहे, एकही बटण सैल झालेलं नाही. कॉलरपाशी रंग थोडा उतरलाय, तेवढंच. मी स्वतः बरीच वर्षं शिलाई मशीनवर बसले आहे. बाही अशी चुणी न पडता बसवायला हात किती स्थिर लागतो, ते मला ठाऊक आहे.

आतल्या लेबलवर मात्र फक्त 'मेड इन बांगलादेश'. कारखान्याचं नाव नाही. कंपनीला दोनदा ईमेल केला, दोन्ही वेळा 'आम्ही सर्व नियम पाळतो' असं ठरावीक उत्तर आलं. हे मला फार लागलं. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, 1,100 हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना आत बोलावलं. नंतर ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये बंधनकारक करार झाला, कारखान्यांची तपासणी सुरू झाली. ते काम मोठंच आहे. पण पगाराचं काय? 2023 मध्ये कामगार महिन्याला 23,000 टका मागत होते, किमान वेतन ठरलं 12,500.

शिलाईला पाचपैकी पाच, कंपनीला एक. काही ब्रँड कारखान्यांची यादी उघड करतात. पुढचा शर्ट त्यांच्यापैकीच कुणाचा तरी घेईन.