पुढचे यूएसबी बंद, मागचे चालू, आणि माझे ७,७५० रुपये गेले

माझ्या कॉम्प्युटरचे पुढचे यूएसबी पोर्ट बंद पडले, त्याच्या दुरुस्तीचा हिशोब आधी मांडतो. व्हिजिट चार्ज ४००. कॅबिनेट (कॉम्प्युटरची पेटी) दुकानात न्यायचे-आणायचे ३००. 'चिप लेव्हल डायग्नोसिस' १,२००. 'चिपसेट रीबॉलिंग', म्हणजे मदरबोर्डवरची मुख्य चिप उखडून पुन्हा बसवणं, ४,५००. फ्रंट पॅनलचं 'नवीन' यूएसबी मॉड्यूल १,३५०. एकूण ७,७५० रुपये. आणि मूळ बिघाड काय, तर मदरबोर्डवरचा एक प्लग सैल होऊन अर्धा बाहेर आला होता. तो अंगठ्याने दाबायचा खर्च शून्य.

कॉम्प्युटर माझा मीच जोडलेला आहे, २०२१ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे पार्ट आणून. त्यामुळे 'अडाणी होता म्हणून फसला' असं कुणी म्हणू नये. मी अकाउंट्सची कामं करतो. ऑक्टोबरअखेर कंपन्यांचे वार्षिक फॉर्म भरायचे असतात, त्याला डिजिटल सहीचं टोकन यूएसबीत लावावं लागतं आणि तारीख चुकली की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये दंड. अशा वेळी पुढचे दोन्ही पोर्ट एकदम मेले. टोकन लावलं तर त्याचा दिवा लागेना, पेनड्राइव्ह लावला तर विंडोजचा 'टुंग' आवाज नाही. कॅबिनेट टेबलाखालच्या खणात भिंतीला चिकटून ठेवलेलं, मागे हात पोचत नाही. क्लायंटचे फोनवर फोन. अशा माणसाने स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचं का? मी एका अ‍ॅपवरून घरी येणारा टेक्निशियन बोलावला. रेटिंग ४.६ होतं.

आलेल्या मुलाने पहिला प्रश्न विचारला, "काका, बोर्ड वॉरंटीत आहे का?" मला वाटलं, काळजीने विचारतोय. वॉरंटीत असता तर गिऱ्हाईक कंपनीच्या सेंटरला जातं, यांच्या हाताला काही लागत नाही, म्हणून तो प्रश्न. माझी तीन वर्षांची वॉरंटी संपलेली होती. ते ऐकल्यावर त्याने बॅग खाली ठेवली.

आता ऐका, कारण हीच गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. "पुढे लाईटच येत नाहीये, चिपसेटचा यूएसबी सेक्शन उडालाय," असं म्हणत त्याने खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला, कॅबिनेट पुढे ओढलं आणि तो पेनड्राइव्ह मागच्या पोर्टात घातला. लागला. उघडला. त्यातून कसलासा टेस्ट चालवला, स्क्रीनवर लाल-हिरव्या पट्ट्या पळाल्या, आणि त्या लाल पट्ट्या दाखवून तो मला सांगतोय की यूएसबी जळालंय! माझा कीबोर्ड आणि माउस त्याच बोर्डाच्या मागच्या पोर्टांवर चालू होते. त्याला नीट दिसावं म्हणून मोबाईलचा टॉर्च मीच धरला होता.

माझा बोर्ड इंटेल चिपसेटचा. त्यात मागचे पोर्ट काय आणि पुढच्या पोर्टांना जाणारं कनेक्शन काय, सगळं त्या एकाच चिपसेटमधून निघतं. चिपसेट खरंच गेला असता तर मशीन धड सुरूच झालं नसतं. मागचे सगळे चालू आणि पुढचे दोन्ही एकदम बंद, याचा साधा अर्थ असा की भानगड बोर्ड आणि पुढची पट्टी यांच्या मध्ये आहे, म्हणजे केबलमध्ये. यूएसबी ३ ची ती केबल जाड आणि ताठ असते, तिचा १९ पिनांचा प्लग नुसता घट्टपणावर बसतो, त्याला धरून ठेवणारी खिट्टी नसते. आत एखादा पार्ट बसवताना केबल जराशी ढकलली गेली तरी तो उचकटतो. हे मला माहीत नव्हतं का? होतं! पण समोर युनिफॉर्म घातलेला माणूस, हातात मल्टिमीटर, आणि डोक्यावर तारीख.

कॅबिनेट गेलं. (हार्ड डिस्क काढून ठेवा, मग द्या. माझ्या क्लायंटचा सगळा डेटा त्या दुकानात पडून होता, याचा विचार मला नंतर आला.) ॲडव्हान्स ३,००० यूपीआयने दिले. उरलेले ४,७५० रोख मागितले, "बिल केलं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल, काका." दुसऱ्यांच्या व्हाउचरवर सही नसेल तर ते परत पाठवणारा मी, हातात एक कच्ची चिठ्ठी घेऊन गप्प बसलो. पोर्ट चालू झाले होते ना, आणि फॉर्म भरायचे होते.

डिसेंबरात पोर्ट पुन्हा गेले. फोन केला तर, "आता बोर्डच बदलावा लागेल, ९,२०० होतील." तेव्हा भाच्याने वीज बंद करून बाजूचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं, "मामा, हे बघ." प्लग पुन्हा अर्धा बाहेर. रीबॉलिंग म्हणजे चिप उखडून तिच्या खालचे सोल्डरचे मणी नवे बसवायचे, त्याआधी वरची हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा तुकडा) काढावीच लागते. माझ्या हीटसिंकच्या खाचांत चार वर्षांची धूळ जशीच्या तशी होती. आणि 'नवीन' फ्रंट पॅनल मॉड्यूल? त्याच्या केबलला २०२१ मध्ये मी स्वतः बांधलेला लाल केबल टाय तसाच होता. भाच्याने प्लग दाबला, दोन्ही पोर्ट चालू. चहा गार व्हायच्या आत काम झालं.

म्हणून सांगतो, आधी मागच्या पोर्टात लावून बघा. मग मशीन बंद करा, पॉवरची केबल काढा, पॉवरचं बटण एकदा दाबा आणि प्लग काढून पिना बघा. वाकलेली पिन हळूच सरळ होते, पण प्लग तिरका ओढू नका, बोर्डावरची प्लास्टिकची चौकटच वर येते. सुरू होताना स्क्रीनवर ओव्हर करंटची (पोर्टातून जास्त वीज ओढली जातेय अशी) सूचना येऊन मशीन बंद पडत असेल, तर घाबरून बोर्ड बदलू नका. पुढच्या पट्टीची केबल काढून बघा. सूचना गेली तर दोष पोर्टात किंवा केबलीत आहे.

आता आपल्या व्यवस्थेबद्दल. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो. ठाणे अंमलदारांचा पहिला प्रश्न, "कॉम्प्युटर चालू आहे ना आता? मग फसवणूक कसली?" मी धुळीचे आणि केबल टायचे फोटो दाखवले. ते म्हणाले, हा दिवाणी मामला. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ मी वाचून गेलो होतो, तेही काढलं, तर म्हणाले, "मग वकील घेऊन या." निघताना सल्ला मिळाला की यूपीआय आहे ना, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. १९३० वर सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःहून दुकानदाराला दिलेत, हा सायबर गुन्हा नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला, दुकानाकडून उत्तर आलं नाही आणि ग्राहक आयोगाकडे जा असं सांगून तक्रार बंद! बंद झाल्यावर वर मलाच मेसेज, आमच्या सेवेबद्दल अभिप्राय द्या. अ‍ॅपवाले म्हणतात आम्ही फक्त गाठ घालून देतो, काम त्यांचं, जबाबदारी त्यांची. मग व्हिजिट चार्जमधलं कमिशन कुणाचं? स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली, ती 'घेण्यास नकार' शेरा मारून परत आली. ते पाकीट फोडू नका, तसंच ठेवा, तो पुरावा असतो.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे खरं. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचं उद्दिष्टही लिहिलेलं आहे. पण तिथे पहिला प्रश्न येतो बिलाचा, आणि माझ्याकडे ३,००० ची यूपीआय नोंद आणि ती चिठ्ठी. ४,७५० रुपये मी दिले हे सिद्ध करायचं मीच. रोख देऊ नका. कॅबिनेट घराबाहेर जाण्याआधी आतले फोटो काढा, बोर्डाच्या सिरियल नंबरासकट. काढलेला पार्ट परत मागा, आणि 'स्क्रॅपमध्ये गेला' म्हणाले तर पैसे देऊ नका.

तक्रार मी दाखल केली आहे. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे एकाच दुकानाविरुद्ध सारखीच तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र येऊ शकतात. तुमच्याकडे अशी कच्ची चिठ्ठी असेल, तर फाडून टाकू नका. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.