चौदा-चव्वेचाळीस: फुलेवाडीच्या गॅरेजमध्ये बसवलेला चेनसेट

माझं काम जनावरांना कृत्रिम रेतन करण्याचं. गाडीच्या कॅरिअरवर नायट्रोजनचा छोटा कंटेनर, त्यात उणे १९६ अंशांवर रेताच्या कांड्या, आणि रोजचा पट्टा कळे, साळवण, असळजपासून गगनबावड्यापर्यंत, शिवाय वरचे धनगरवाडे. गाडी शंभर सीसीची, आता सात वर्षांची झाली. या रस्त्याला रोज गाडी घालणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून कोल्हापूरच्या फुलेवाडीतल्या एका छोट्या गॅरेजबद्दल आणि तिथं बसवून घेतलेल्या चेनसेटबद्दल (म्हणजे चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चक्रं) लिहितोय.

आधी मागची गोष्ट. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका ठिकाणी (नाव घेत नाही) चेनसेट बदलला होता. गाडी चढाला दम टाकते असं मी म्हटलं, तर त्यांनी काही न विचारता पुढचं चौदा दातांचं चक्र काढून तेराचं टाकलं. वाडीचा चढ गाडी चढायला लागली, हे खरं. पण कोल्हापूरला यायचं म्हटलं की बालिंग्याच्या पुढं इंजिन नुसतं ओरडायचं. लिटरला बासष्ट देणारी गाडी चौपन्नावर आली. ते मी सोसलं असतं. पण श्रावणात एका संध्याकाळी, धनगरवाड्याच्या वळणावर, खाड्‌कन आवाज झाला आणि चेन निसटली. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या चेनलॉकची पत्ती उडाली होती.

त्या वाड्यावर एक म्हैस सकाळी माजावर आली होती. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, हा आमचा रिवाज. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो, मालकाला तो ओळखू आला हीच मोठी गोष्ट. मी अंधारात गाडी ढकलत खाली आलो. सकाळी दुसऱ्याच्या गाडीवरून गेलो तेव्हा माज उतरला होता. पुढचा माज एकवीस दिवसांनी. त्या घरचं दूध तेवढं लांबलं. ती बाई मला एका शब्दानं बोलली नाही, पण ते एकवीस दिवस मी मोजले.

फुलेवाडीच्या गॅरेजात मी गेलो तो हा राग घेऊनच. मिस्त्रींनी गाडीला हात लावायच्या आधी विचारलं, "डॉक्टर, गाडी दिवसाची किती चालते? चढ किती, सपाट किती? मागं वजन किती असतंय?" मी सांगितलं, नव्वद किलोमीटर. त्यात पंचवीस वाड्यांचे, बाकी डांबरी. मग त्यांनी चेन काढून फरशीवर ताणून धरली आणि वीस कड्यांवर स्टीलची पट्टी लावली. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना ४२८ नंबरची चेन असते. तिच्या एका पिनेपासून दुसरी पिन बरोबर अर्ध्या इंचावर, म्हणजे १२.७ मिलिमीटर. वीस कड्या म्हणजे २५४. माझी भरली २५९, फक्त सोळा महिन्यांत. तांबडा चिखल आत जाऊन पिना झिजल्या होत्या. मागच्या चक्राचे दात विळ्यासारखे एका बाजूला वळले होते. चेन नवी आणि चक्रं जुनी असं चालेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, जुने दात नव्या चेनला महिन्या-दोन महिन्यांत आपल्यासारखी करतात, बदलायचं तर तिन्ही बदला.

चेनलॉकचं त्यांनी दाखवलं ते मी जन्मात विसरणार नाही. लॉकच्या पत्तीला एका टोकाला फट असते, दुसरं टोक बंद. बंद टोक चेन पळते त्या दिशेला पाहिजे, म्हणजे कशाला अडकलं तरी पत्ती सुटत नाही. माझी उलटी बसवली असणार, असं त्यांना खोबणीवरच्या ओरखड्यांवरून वाटलं. बंद चेनकव्हर असल्यानं मला ती दिसणारच नव्हती.

आता गिअरिंगचं. मूळ गाडी १४-४२, पुढं चौदा दात आणि मागं बेचाळीस, म्हणजे पुढचं चक्र तीनदा फिरलं की मागचं एकदा. पुढं १३ टाकलं की हेच प्रमाण ३.२३ होतं, त्याच वेगाला इंजिनला जवळपास आठ टक्के जास्त फिरावं लागतं. पुढचा एक दात मागच्या तीन दातांच्या तोलाचा आहे, त्यामुळं पुढं हात घातला की बारीक फरक करताच येत नाही. शिवाय लहान चक्रावर चेन जास्त मुडपते आणि लवकर झिजते. मिस्त्रींनी सुचवलं १४-४४. प्रमाण ३.१४, फरक पाच टक्क्यांच्या आतला. पंचेचाळीस माझ्या कव्हरला घासेल असं त्यांचं मत पडलं. चव्वेचाळीस बसवून, कव्हर लावून, चाक हातानं फिरवत ते कान लावून बसले. मागं दोन दात वाढले की चाक साधारण सहा मिलिमीटर पुढं येतं. तेवढी जागा ॲडजस्टरमध्ये होती, त्यामुळं नव्या चेनच्या कड्या वाढवाव्या लागल्या नाहीत. मीटरची केबल पुढच्या चाकातून येते, म्हणून काट्यातही फरक नाही.

मग मला गाडीवर बसायला लावलं, भरलेल्या कंटेनरसकट. मागं वजन आलं की चाक वर दबतं आणि चेन आवळते. स्टँडवर बरोबर वाटणारी चेन रस्त्यावर टाइट होऊन बेअरिंग खाते. बसलेला असताना त्यांनी बोटानं चेन वरखाली करून ढील बघितली. दोन्हीकडच्या खुणांवर भरवसा न ठेवता दोरी लावून चाक सरळ केलं. चाक हललं म्हणून मागच्या ब्रेकचा रॉडही पुन्हा जुळवला, हे मला सांगायची गरजच पडली नाही.

चेनसेट कोइमतूरच्या एलजीबी कंपनीचा, रोलोन. चव्वेचाळीसचं चक्र वेगळं मागवावं लागलं. सगळं मिळून १,४०० रुपये आणि मजुरी २५०. दोन खेपा घालाव्या लागल्या. ज्याला तासाभरात गाडी हवी त्यानं इथं जाऊ नये. मिस्त्री एकटेच आहेत आणि हातातली गाडी संपल्याशिवाय दुसरीला हात लावत नाहीत. फोनही उचलत नाहीत. यामुळं माझा अर्धा दिवस बुडाला, हे नाराजीनंच लिहितोय.

आता ३,८०० किलोमीटर झाले. ॲव्हरेज एकोणसाठ. वाडीचा शेवटचा चढ, जिथं मी पूर्वी पहिल्या गिअरवर पाय टेकत जायचो, तो आता पहिल्यावरच पण न थांबता निघतो. दुसऱ्या गिअरची अपेक्षा मी केली होती, ती पुरी झाली नाही. कोल्हापूरच्या सपाट रस्त्यावर गाडी मात्र पुन्हा शांत पळते. सगळ्यात मोठा फरक गिअर टाकताना: हिसका गेला. मागं कंटेनर असताना तो हिसका माझ्या पाठीत बसायचा.

दर पाचशे किलोमीटरला कव्हरचं रबरी बूच काढून नव्वद नंबर ऑइल सोडतो, पावसात तीनशेला. परवा लॉकसाठी कव्हर उघडलं तेव्हा वीस कड्या मोजल्या: २५५ ला थोडी कमी. औषधांच्या पिशवीत आता एक जादा चेनलॉक असतो, हातमोज्यांच्या पाकिटाशेजारी.

जाणार असाल तर गाडी रोज जेवढं वजन वाहते तेवढं घेऊनच जा, आणि सकाळी नऊच्या आत. गॅरेज सोमवारी बंद असतं.